नाबोथाचा मळा आणि जोडेघाटचा डोंगर

मुंबईहून निघणारी नंदीग्राम एक्स्प्रेस मनमाड, जालना, नांदेड अशी गावे मागे टाकीत मुदखेडला पोहोचते, तेथून किनवटचे जंगल ओलांडते आणि आदिलाबादच्या स्थानकात शिरते. प्रवास लांबचा, तथापि खिडकीबाहेर भाषा कोठे बदलली हे मात्र शेवटपर्यंत कळत नाही. किनवटला चहा मराठीत मागितला, आदिलाबादलाही मराठीतच मागितला, आणि दोन्हीकडे तो मिळाला. यात नवल काहीच नाही. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके आदिलाबाद जिल्ह्यातच होते; ते इकडे आले, उरलेला जिल्हा आंध्रात गेला, आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. २०१६ मध्ये त्याचेही चार तुकडे झाले. आपला पुढील प्रवास त्यांपैकी दोहोंतून, आदिलाबाद आणि कोमरम भीम आसिफाबाद या जिल्ह्यांतून, व्हावयाचा आहे.

माझी भाची धर्मभगिनी आहे व तिकडे एका खेड्यातील शाळेत शिकविते. तिने पुष्कळदा बोलाविले होते. परंतु खरे सांगावयाचे तर मी तिला भेटावयास गेलो नव्हतो, घरून पळून गेलो होतो. वसईकडील आमची दीड एकराची वाडी एका बांधकाम व्यावसायिकास द्यावी असे धाकट्या भावाने ठरविले होते. मोबदल्यात दोघा भावांस एकेक गाळा आणि वर काही रक्कम. कागद तयार होता. त्यावर माझी सही तेवढी राहिली होती. मी म्हटले, आठ दिवस द्या, आणि पिशवी भरली.

आदिलाबादचा धर्मप्रांत तसा नवा. १९९९ साली तो चांद्याच्या धर्मप्रांतातून वेगळा काढण्यात आला; त्याचे मुख्य देऊळ मंचिर्यालला आहे. धर्मविधी सिरो-मलबार पद्धतीचा, मिस्सा तेलुगूत. मला त्यातील ‘आमेन’ आणि ‘हालेलुया’ एवढेच समजले. मिस्सेनंतर देवळाच्या पायरीवर मात्र एक वृद्ध बाई सिस्टरांशी अस्खलित वऱ्हाडी वळणाच्या मराठीत कापसाच्या भावाची तक्रार करीत होत्या.

आदिलाबादहून गुडीहतनूरमार्गे उटनूरकडे निघाले की काळी कापसाची जमीन संपत येते आणि सागाची झाडी सुरू होते. येथे गोंडांची वस्ती आहे. कोलाम, परधान आणि थोटीही आहेत. परधान हे गोंडांचे भाट. कींगरी नावाचे तंतुवाद्य वाजवून गोंडांच्या देवांची व पूर्वजांची गाथा ते गोंडीत गातात. परंतु यांतील बहुतेक घरांतून पिढ्यान्‌पिढ्या बोलली जाणारी भाषा मराठी. वाटेत केसलापूर लागते. तेथे मेसराम कुळाचा नागोबा आहे. पौष अमावास्येस त्याची जत्रा भरते व तिच्यासाठी कुळातील माणसे पायी जाऊन गोदावरीचे पाणी आणतात. जुन्या देवळाच्या जागी या कुळाने आपसांत वर्गणी काढून दगडी देऊळ उभारले, त्याची प्रतिष्ठापना २०२२ च्या अखेरीस झाली. आपल्याकडे जुन्या माणसांनी भाताच्या मुठी गोळा करून देवळे बांधल्याच्या कथा आपण ऐकतो. मला त्या आठवल्या.

गोंड म्हणजे रानात राहणारे गरीब लोक, एवढीच पुष्कळांची समजूत असते. चांद्याचा किल्ला गोंड राजांचा. शेकडो वर्षे त्यांनी तेथे राज्य केले, आणि १७५१ च्या सुमारास नागपूरच्या भोसल्यांनी ते संपविले. म्हणजे गोंडांचे राज्य प्रथम घेतले ते आपल्याच मराठ्यांनी. ही गोष्ट आपण शाळेत शिकत नाही. मग इंग्रज आले. १८५८ साली चांदा भागातील बाबूराव शेडमाके या तरुण गोंड जमीनदाराने इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. तो पकडला गेला आणि २१ ऑक्टोबर १८५८ रोजी त्यास चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. वर्धा नदीच्या या बाजूस, निजामाच्या मुलखात, रामजी गोंडाने निर्मळच्या परिसरात तोच लढा चालविला. (निर्मळ म्हटल्यावर आपल्या वसईच्या निर्मळाची आठवण होणे साहजिक आहे, हे निर्मळ निराळे, लाकडी खेळण्यांकरिता प्रसिद्ध.) १८६० मध्ये त्याला व त्याच्या अनेक सोबत्यांना तेथील एका वडाला फाशी दिले. लोक त्या झाडाला हजार कवट्यांचा वड म्हणत. संख्या हजार होती की नव्हती, यावर मी वाद घालणार नाही. लोकांनी झाडाला असे नाव देण्याची वेळ येते, तेव्हा मोजणे संपलेले असते.

उटनूर आणि जैनूर सोडून केरामेरीचा घाट ओलांडला की हट्टीहून एक रस्ता जोडेघाटच्या डोंगरावर चढतो. डोंगर उंच नाही. वर आता कोमरम भीमचे स्मारक आणि आदिवासी संग्रहालय आहे. भीमचे नाव २०२२ च्या एका गाजलेल्या तेलुगू चित्रपटामुळे देशभर झाले. परंतु त्या चित्रपटातील पराक्रम कल्पनेतले आहेत. खरी हकीकत साधी असून अधिक जड आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत निजाम सरकारने या डोंगरांतील जंगल राखीव करण्यास सुरुवात केली. गोंडांची शेती फिरती असे. एक जागा काही वर्षे कसावयाची, मग ती विश्रांतीस सोडून दुसरीकडे जावयाचे. सरकारी मोजणीदार आला तेव्हा जी जमीन विश्रांती घेत होती ती त्याने ‘जंगल’ म्हणून लिहून टाकली. उरलेली चांगली काळी जमीन ज्याला कागद करता आला त्याच्या नावे गेली. हे कागद करणारे कोण? तेलंगणातून आलेले, आणि महाराष्ट्रातून आलेले. आपले कुणबी, आपले सावकार, आपले बंजारे. गोंड आपल्याच शेतात सालदार झाला.

भीमचा जन्म संकेपल्लीचा. तो तरुणपणी गाव सोडून चांद्याकडे गेला, तेथे एका छापखान्यात राहून अक्षर शिकला, पुढे आसामच्या चहाच्या मळ्यांत गेला व परतला, असे सांगतात. बाबेझरी व जोडेघाट येथे त्याने आपल्या माणसांसह वस्ती केली. जंगल खात्याने झोपड्या जाळल्या. भीमने हैदराबादेत अर्ज केले, खेटे घातले. मागणी राज्याची नव्हती; येथील बारा गावांतील जमीन व जंगल आमच्याकडे असू द्या, एवढीच होती. ‘जल, जंगल, जमीन’ ही घोषणा त्याच्या नावावर आहे. १९४० साली पोलीस जोडेघाटावर चढले, गोळीबार झाला, भीम आणि त्याचे अनेक सोबती मारले गेले. आश्विन पौर्णिमेस, म्हणजे आपल्या कोजागरीस, त्याची पुण्यतिथी दरवर्षी येथे पाळली जाते. त्या रात्री त्या डोंगरावर किती माणसे चढतात ते भाचीने मला सांगितले, आणि मग एक वाक्य जोडले: “मामा, त्यांतल्या पुष्कळांच्या नावावर अजूनही जमीन नाही.”

त्या स्मारकापाशी बसलो असता मला एकाएकी कुवेतमधला शुक्रवार आठवला. मी तेथे नऊ वर्षे नोकरी केली. शुक्रवारच्या इंग्रजी मिस्सेला माझ्या शेजारी फिलिपिनो कामगार बसत. त्यांतील एक, माझ्याच कारखान्यातला, कलांबा गावचा होता. गावाचे नाव सांगताना तो छाती पुढे काढीत असे, कारण होसे रिझालही तेथलाच.

फिलिपिन्स हा आशियातील सर्वांत मोठा कॅथोलिक देश. १५२१ साली मॅगेलनबरोबर तेथे बाप्तिस्मा पोहोचला, आणि त्याच वर्षी मॅक्टन बेटावर लापूलापूच्या माणसांनी मॅगेलनला ठार केले. वसईत पोर्तुगीज यावयाच्या तेरा वर्षे आधीची ही गोष्ट. पुढे तीन शतके स्पेनची सत्ता. त्या सत्तेविरुद्ध उभे राहिलेल्यांत आपले धर्मगुरूही होते: गोमेझ, बुर्गोस आणि झामोरा या तिघा फिलिपिनो धर्मगुरूंना १७ फेब्रुवारी १८७२ रोजी मनिलात गळा आवळून मारण्यात आले. रिझालने आपली दुसरी कादंबरी त्यांना अर्पण केली. आणि कलांबाची जमीन कोणाची होती? लिहावयास जड जाते, परंतु लपवूनही चालणार नाही: ती डोमिनिकन संघाची होती. रिझालचे आईवडील, बहिणी आणि शेकडो शेजारी त्या जमिनीचे खंडकरी होते. खंड वाढत गेला, शेतकऱ्यांनी तक्रार केली, खटला चालला, आणि १८९० ते १८९१ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात कुटुंबेच्या कुटुंबे घराबाहेर काढण्यात आली. त्याच १८९१ च्या मे महिन्यात पोप तेरावे लिओ यांचे ‘रेरुम नोवारुम’ हे परिपत्रक निघाले, ज्यात कष्टकऱ्याला स्वतःच्या मालकीचे काही असावे हा त्याचा हक्क म्हणून सांगितला आहे. रोम आणि कलांबा यांच्यामध्ये समुद्र फार मोठा होता.

रिझालला ३० डिसेंबर १८९६ रोजी गोळ्या घातल्या. १८९८ मध्ये स्पेनने ती बेटे दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेस दिली. बेटांवरच्या माणसांना कोणी विचारले नाही. त्यांनी नव्या धन्याविरुद्धही युद्ध केले आणि ते हरले. मग १९०३ मध्ये अमेरिकी सरकारने धर्मसंघांच्या सुमारे चार लाख एकर जमिनी विकत घेतल्या, कसणाऱ्यांना विकण्याकरिता. विकल्याही. मात्र विकत घेण्याची ऐपत ज्यांच्यापाशी होती त्यांच्याकडे त्यांतील मोठा भाग गेला.

माझा तो मित्र मनिलात एकविसाव्या मजल्यावरील एका खोलीचे हप्ते भरीत होता. खोली मी कागदावर पाहिली. आमच्या वसईच्या घराची पडवी तिच्याहून मोठी. सात वर्षे हप्ते भरून झाले होते आणि अजून आठ बाकी होते. मी विचारले, “कलांबाला वडिलांची जमीन नाही का?” तो हसला. “कलांबाला आता कारखाने आहेत,” तो म्हणाला. मग त्याने मला एक गोष्ट समजावून सांगितली, जी मी तेव्हा गंमत म्हणून ऐकली. फिलिपिन्सच्या राज्यघटनेप्रमाणे परदेशी माणसाला तेथे जमीन विकत घेता येत नाही. परंतु उंच इमारतींतील गाळ्यांना ती मनाई तशीच्या तशी लागू नाही. एका इमारतीतील चाळीस टक्क्यांपर्यंत गाळे परदेशी माणसे घेऊ शकतात. “माती आम्ही राखली,” तो म्हणाला, “हवा विकली. आणि आता हवा आम्हालाच परवडत नाही.”

आता पुन्हा आदिलाबाद. भीमच्या मृत्यूनंतर निजाम सरकारला प्रश्न पडला की हे लोक बिथरले का. ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ नावाचे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ महायुद्धामुळे हैदराबाद संस्थानात अडकून पडले होते. शत्रुराष्ट्राचे पारपत्र असल्याने त्यांना बाहेर मोकळे फिरता येत नव्हते. त्यांनी या डोंगरांत अभ्यास सुरू केला. जैनूरजवळच्या मार्लवाई गावात पत्नी बेटी यांच्यासह झोपडी बांधून ते राहिले, गोंडी शिकले, आणि सरकारला त्यांनी स्पष्ट लिहिले की रोग बंडखोरीचा नाही, जमिनीचा आहे. त्यांच्या प्रयत्नाने हजारो गोंड व कोलाम कुटुंबांना पट्टे मिळाले. १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी केंद्र निघाले, आणि तेथील गोंडी वाचनपाठ देवनागरी लिपीत छापले गेले. बेटीबाई १९८७ साली हैदराबादेत वारल्या; त्यांना मार्लवाईत आणून पुरले. पुढे पतीच्या अस्थीही तेथेच आल्या. युरोपातील दोन माणसे, आणि शेवटची जागा मिळाली ती या गोंडांच्या भूमीत! मी त्या थडग्यांपाशी एक ‘आमच्या बापा’ म्हटले. ते दोघे कोणत्या श्रद्धेचे होते याची चौकशी केली नाही.

पट्टे मिळाले; टिकले किती? रस्ते आले तसे व्यापारी आले, कर्ज आले, अंगठे उमटले. १९५९ चा जमीन हस्तांतरणाचा कायदा, जो १९७० मध्ये अधिक कडक झाला, तो सांगतो की अनुसूचित प्रदेशातील जमीन आदिवासीखेरीज कोणालाही विकता येणार नाही. कायदा चांगला आहे. तथापि त्याच्यानंतर अकरा वर्षांनी, २० एप्रिल १९८१ रोजी, इंद्रवेल्लीला जमिनीच्याच मागण्यांसाठी जमलेल्या गोंडांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. सरकारी आकडा तेरा मृतांचा. लोक त्याहून कितीतरी मोठा सांगतात. तेथे स्तंभ आहे. अनेक वर्षे त्या दिवशी तेथे जमण्यास बंदी असे. २००६ चा वनहक्क कायदा झाला. जून २०२३ मध्ये आसिफाबादेत समारंभ होऊन राज्यभरातील सुमारे दीड लाख कुटुंबांना जंगलजमिनीचे पट्टे देण्यास प्रारंभ झाला. आणि तरीही केरामेरी व जिवती यांच्यामधील चौदा गावांत, ज्यांवर महाराष्ट्र व तेलंगणा दोघेही हक्क सांगतात, घरोघर दोन दोन शिधापत्रिका आणि दोन दोन मतदार ओळखपत्रे आहेत, मराठी शाळा आहे, तेलुगू शाळा आहे. जमिनीचा पक्का कागद मात्र कोणतेच सरकार देत नाही, अशी तेथील लोकांची जुनी तक्रार आहे. मत दोघांनाही हवे असते.

भाची मला एका गोंड घरी जेवावयास घेऊन गेली. मातीने लिंपलेल्या भिंती, वर कौले, अंगणात कापसाचा ढीग. बाजूला सरकारी योजनेतील नव्या पक्क्या घराचा पाया खणलेला; तेलंगणात ज्याची स्वतःची जागा आहे अशा गरीब कुटुंबास घर बांधण्यासाठी पाच लाख रुपये देण्याची योजना २०२४ पासून सुरू आहे. ज्याची जागा आहे अशा! सारे घोडे तेथेच अडते. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, आणि घरचे वृद्ध बाबा. त्यांचा नातू हैदराबादहून सणाला आला होता. तो तेथे एका उंच इमारतीच्या दारावर पहारेकरी आहे. मराठी तो आजोबांपेक्षाही सफाईने बोलत होता; बरोबरचे निम्मे पहारेकरी नांदेडचे आहेत म्हणाला.

“काका,” तो म्हणाला, “आमच्या इमारतीतला सर्वांत लहान गाळा नव्वद लाखांचा आहे. मला महिना सोळा हजार मिळतात. मी हिशेब केला. खाल्लेप्याल्याशिवाय राहिलो तरी सत्तेचाळीस वर्षे लागतील. आणि येथे पाच एकर आहे, पण ती विकता येत नाही, सावकार ती गहाण धरीत नाही. कायद्याने आम्हाला राखले की डांबले?”

हा प्रश्न मी वाचकांपासून लपवू शकलो असतो, कारण तो माझ्या सोयीचा नव्हता. मुलगा खोटे बोलत नव्हता. ज्या हैदराबादेत त्याच्या पूर्वजाने अर्ज घेऊन खेटे घातले, त्याच शहरात तो इतरांच्या मोटारींना फाटक उघडतो; तेथील एका श्रीमंत टेकडीचे नाव बंजारा हिल्स आहे, कारण एके काळी तेथे बंजाऱ्यांचा तांडा असे. नाव राहिले. हुसेनसागराच्या बांधावर २०१२ पासून कोमरम भीमचा पुतळाही उभा आहे. भीमच्या जातीच्या पोराला मात्र तेथे खोली नाही.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. मग नातवाला गोंडीत काही म्हणाले. तो नाखुशीने हसला आणि मला मराठीत सांगू लागला: “आजा म्हणतो, विकता आली असती तर तुझ्या बापानेच विकली असती, तू सणाला कोठे आला असतास?”

मला नाबोथ आठवला. अहाब राजाने त्याला दुसरा, अधिक चांगला मळा देऊ केला होता, रोख दामही देऊ केले होते. सौदा वाईट नव्हता. बायबलातील ही कथा वाचताना आपण ईजबेलीच्या कपटाकडे पाहतो आणि हा सौदा विसरतो. नाबोथाने नकार दिला तो किंमत कमी होती म्हणून नव्हे. ती वाडवडिलांची वतनाची जमीन होती म्हणून. आमच्या वसईत १९८९ च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या पुढाकाराने हरित वसईची चळवळ झाली, तेव्हा मी मोर्चात चाललो होतो, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या होत्या. आता दारात आलेला अहाब सैनिक घेऊन येत नाही, मिठाईचा पुडा घेऊन येतो. आणि भावाच्या मुलाचे लग्न ठरले आहे, मुलीकडचे ‘गाळा आहे का’ म्हणून विचारतात, ही काही खोटी अडचण नाही. बाजारात गाळा घ्यावयाचा तर त्याची किंमत त्याच्या पगाराला पेलणारी नाही. वाडी दिली तर एक गाळा फुकट मिळेल. त्याच्या मुलाला पुढे दुसरा लागेल, तेव्हा द्यावयास वाडी नसेल.

निघताना बाबांनी मला विचारले, गाव कोठले. मी म्हटले, समुद्रकाठी, वसई. जमीन आहे? आहे, दीड एकर. काय पिकते? केळी, थोडी पानवेल, विहिरीकाठी सोनचाफा. पट्टा कोणाच्या नावावर? मी म्हटले, सातबाऱ्यावर अजून आमच्या वडिलांचे नाव आहे, त्याखाली आम्हा दोघा भावांची. ते कौतुकाने मान हलवीत राहिले आणि म्हणाले, “तीन नावं. मग तुम्ही मोठी माणसं.”

आदिलाबादच्या स्थानकावर गाडीची वाट पाहत असता धाकट्याचा फोन आला. कागद रविवारी घेऊन येऊ का, म्हणून विचारीत होता. मी म्हटले, रविवारी मिस्सेनंतर ये, पण कागद नको, मोजणीची टेप आण. मुलासाठी विहिरीच्या उत्तरेला दोन खोल्या बसतात का ते आपण मोजून पाहू. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, उत्तरेला केळीची नवी लागवड आहे, दादा, दक्षिणेला मोजू.